गुरुजींच्या विहिरीतला खर्ज

साळवे गुरुजींच्या विहिरीला पाणी लागणार की नाही, याचा फैसला एका दुपारी माझ्या कानांवर सोपवण्यात आला होता. माझे कान ज्यांना ठाऊक आहेत ते इथे पोट धरून हसतील. बायकोनं स्वयंपाकघरातून मारलेली हाक मला तिसऱ्या खेपेला ऐकू येते. जेवणाची असेल तर पहिल्या. पण आठ माणसं, विहिरीतला दगड उपसणारी एक यारी आणि चाळीस फूट खडक माझ्या एका शब्दासाठी खोळंबून उभे होते, आणि मी तो शब्द देऊन टाकला. त्याचं पुढं काय झालं, ते सांगण्यासाठी हा सगळा खटाटोप. नगर जिल्हा ज्यांनी पाहिला नाही त्यांनी तो माझ्या नजरेनं पाहून घ्यावा. ज्यांनी पाहिलाय त्यांनी कृपया मधे बोलू नये.

मी तिकडे गेलो तो एका खोक्यापायी. पुण्यात मधुशेठ नावाच्या माझ्या मित्राचं थिएटर. नव्वदीच्या त्या वर्षांत घरोघरी केबल आली आणि मधुशेठच्या बाल्कनीत माणसांपेक्षा कबुतरं जास्त बसू लागली. त्यावर उपाय म्हणून त्यानं सिंगापुराहून एक स्पीकर मागवला. केवढा? आमच्या पेठेत नवरा, बायको आणि दोन मुलं त्याहून लहान खोलीत राहतात आणि वर पेइंग गेस्ट ठेवतात. हा स्पीकर गाणी वाजवत नाही, संवाद बोलत नाही. फक्त खर्ज. म्हणजे जो आवाज कानानं नव्हे, बरगड्यांनी ऐकायचा.

"लोकांना आधी हलवलं पाहिजे," मधुशेठ म्हणाला. "सिनेमाच्या आधी दोन मिनिटं पूर्ण अंधार आणि असा आवाज, की खुर्चीसकट हादरले पाहिजेत. आपल्या मातीतला अस्सल आवाज. येत्या शुक्रवारपासून सुरू. तू आणतोस, की मेव्हण्याला सांगू? तो पत्रा हलवून देतो म्हणतोय."

पत्रा हलवून नाटकांतून विजा पाडण्यात मी स्वतः दहा वर्षं काढली होती, त्यामुळे हा टोला बसायचा तिथं बसला.

"नगर जिल्ह्यात जमीन घोरते," मी म्हणालो. "टेपवर भरून आणतो."

जमीन घोरते हा शोध मी त्याच क्षणी लावला होता. पण मधुशेठच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग मागं फिरायची सोय उरली नाही.

काष्टी

भाड्यानं घेतलेलं यंत्र, ज्यात काडेपेटीपेक्षा जरा मोठी डिजिटल कॅसेट बसते, दोन मायक्रोफोन, बाजरीच्या भाकरीएवढे हेडफोन, आणि शौकतभाईंची जीप. शौकतभाई मूळचे नगरचे. तीन दिवसांत ते जेवढं बोलले तेवढं मी एका शिंकेत बोलतो.

काष्टीच्या बाजारात बैल येतात हे ऐकून होतो. बैल डुरकला की छाती कशी दणाणते हे लहानपणी अनुभवलेलं. आता एका जागी शेकड्यांनी बैल म्हटल्यावर मी हिशेब केला की उतरल्या उतरल्या कानांचे पडदे फाटतील, म्हणून कापूससुद्धा नेला होता. प्रत्यक्षात शिंगं रंगवलेली, घुंगरमाळा घातलेली ती जनावरं अशी शांत उभी होती, जणू रेशनिंगच्या ऑफिसातले कारकून.

त्यातल्या सर्वांत दांडग्या खोंडासमोर मी मायक्रोफोन धरला. त्यानं तो हुंगला, चाटला आणि तोंड फिरवलं. पाऊण तास मी त्याच्यासमोर हात ताणून उभा. अखेर मीच डुरकून दाखवलं. मी काही मामुली डुरकलो नाही. पलीकडच्या ओळीतल्या दोन म्हशींनी माना वर केल्या. खोंडाचा मालक मात्र विड्या ओढत बघत होता.

"पाव्हणं, इकत घ्यायचाय का त्याला?"

"नाही. फक्त आवाज हवाय."

"मग बैल ऱ्हाऊ द्या, तुमचाच भरा की. त्याच्यापरीस बरा हाय."

त्याच्या शेजारी दोन माणसं हातांवर उपरणं टाकून एकमेकांची बोटं दाबत उभी होती. जनावराचा भाव इथं असा, रुमालाखाली ठरतो. तोंडातून शब्द नाही, चेहऱ्यावर सुरकुती नाही. पुण्यात मेथीच्या जुडीसाठी भांडण तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जातं, आणि इथं अख्ख्या बैलजोडीचा सौदा मुक्यानं. मला कौतुक वाटलं, म्हणून कौतुकानं मायक्रोफोन जरा तिकडे वळवला. झालं! दलाल असा दचकला की उपरणं खाली पडलं आणि भर बाजारात त्याची तीन बोटं उघडी पडली. पुढच्या मिनिटाला आमच्याभोवती पन्नास माणसं.

"भाव टेप करतोय! पुण्याचा हाय!"

पैकी दुसरा आरोप जास्त गंभीर धरला गेला. शौकतभाईंनी जीप चालू केली, मी धावत्या जीपमध्ये चढलो, यंत्र बंद केलं. आणि बटण दाबल्याच्या क्षणी मागून तो खोंड असा डुरकला की जीपचा आरसा फिरून उलटा झाला.

देवळाली प्रवरा

दुसऱ्या दिवशी देवळाली प्रवरेच्या बाजूला. इकडे दोन्ही बाजूंना इतका ऊस, की रस्ता म्हणजे भांग पाडल्यासारखा दिसतो. आसपासच्या एका साखर कारखान्यात गेलो. नाव सांगत नाही, कारण त्यांचा चहा मी प्यालो आहे. गाळप जोरात होतं. आत पाऊल टाकलं आणि पायाच्या अंगठ्यातून आवाज शिरला तो थेट अक्कलदाढेत! मोठमोठे रूळ ऊस चिरडताहेत, बॉयलर धापा टाकतोय, जमीन खरोखर घोरतेय. मला मधुशेठच्या समोर बोललेलं खोटं खरं होताना पाहून भरून आलं.

पण नगर जिल्ह्यात पाहुण्याला एकटं सोडत नाहीत. माझ्या दिमतीला ऑफिसातले एक साहेब दिले होते. त्यांना सफारी शोभत होती आणि शांतता सोसत नव्हती.

"आवाज भरायचाय ना? मग चेअरमनसाहेबांचा भरा. लई खणखणीत हाय."

"मला यंत्रांचा हवाय. फक्त तीन मिनिटं. कुणी बोलायचं नाही."

"आजिबात न्हाई."

मी टेप सुरू केली. तीन मिनिटं ते शब्दाला जागले असं मला वाटलं, कारण त्या गदारोळात मला कोणाचंच ऐकू येत नव्हतं. संध्याकाळी मुक्कामावर टेप लावली, तर खालून तो अफाट घूंऽऽ आणि वर, मायक्रोफोनला ओठ लावून बोलल्यासारखा, साहेबांचा प्रेमळ आवाज: "हा जो आवाज येतोय तो मिलचा हाय. आता हिकडून जो येतोय तो बी मिलचाच हाय. आमी कुनीच बोलत न्हाई बगा."

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो असतो, पण त्यांनी चेअरमनसाहेबांची वेळ घेऊन ठेवली होती.

रात्री भेळभत्ता खाता खाता मी हताशपणे विचारलं, "शौकतभाई, ह्या जिल्ह्यात मोठा आवाज मिळतो तरी कुठं?"

शौकतभाईंनी मिरची चावली, विचार केला आणि त्या दिवसातलं त्यांचं पहिलं वाक्य बोलले. "बार बघा. विहिरीचा."

संगमनेरच्या वर, पठारावर

बार! उन्हाळा तोंडावर आला की ह्या भागात जो तो विहीर खोदतो, आणि खडक लागला की भोकं पाडून त्यात सुरुंग भरतात. तो बार उडाला की दोन कोस जमीन हादरते. संगमनेरच्या स्टँडवर मी पहिल्याच माणसाला विचारलं, "इथं जवळपास बार कुठं आहे? चांगला जोरदार हवाय."

सकाळचे आठ वाजले होते. त्यानं माझ्याकडे फार करुणेनं पाहिलं आणि समोरच्या परमिट रूमकडे बोट दाखवलं. "धाला उघडतंय. तवर कळ काढा."

दुसऱ्यानं बार म्हटल्याबरोबर कनवटीची चंची सोडली, तंबाखू मळली, चुना लावला आणि चिमूट माझ्या तळहातावर ठेवली. तिसऱ्यानं विचारलं, "पोरगी हाय का पोरगा?" कारण इकडे लग्नाचाही बारच उडवतात. असा तंबाखूचा बार भरून, दारूच्या बारासमोर, लग्नाच्या बाराची बोलणी करत अर्धा तास गेल्यावर एक म्हातारा म्हणाला, "ईरीचा बार व्हय? मग आधी बोलायचं न्हाई का! पठारावर साळवे गुरुजींची ईर चाललीया. पर ती बंद पडलीया म्हनं."

बंद पडली होती ती अशी. साळवे गुरुजी, नुकतेच निवृत्त झालेले प्राथमिक शिक्षक. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं फळ्यावर लिहिल्यासारखं सुवाच्य. वस्तीवर पंधरावीस घरं, आणि पाणी आणायचं तर लांबच्या मळ्यातल्या दुसऱ्याच्या विहिरीवर, मालकाची मोटर चालू होईल तेव्हा. गुरुजींनी आपल्या तुकड्यात विहीर काढली. चाळीस फुटांवर काळा खडक लागला, आणि खोदणाऱ्या टोळीच्या मुकादमानं हात टेकले. किसन मुकादम, आवाज असा की याला मायक्रोफोन कशाला.

"मी काय म्हंतो," मुकादमानं मलाच पंच नेमून टाकलं, "शेवटचा बार कुठल्या कोपऱ्यात भरायचा, ते पानाड्याला इचारू. तो तळहातावर नारळ धरून फिरतो. जितं नारळ उभा ऱ्हातो तितं पानी. सगळा तालुका असंच करतोय. पर गुरुजी ऐकंत न्हाईत. चार दिस झालं, मान्सं बसून हायती. नारळ न्हाई तर बार न्हाई. उद्या आमी यारी उचलनार."

"छप्पन साली वडिलांच्या बरोबरीनं दीक्षा घेतली," गुरुजी शांतपणे म्हणाले. "तेव्हापासून आमच्या घरात नारळ येतो तो चटणीसाठी. पस्तीस वर्षं पोरांना शिकवलं की नारळाला पाणी कळत नाही, त्याच्या पोटात असतं तेवढंच. आता माझ्याच विहिरीवर तो फिरवू? माझी आई दुसऱ्याच्या विहिरीवर ताटकळली, बायको ताटकळली. घरात सून आलीय. तिनं ताटकळू नये एवढंच आहे. पण त्यासाठी खोटं शिकवणार नाही."

दोघंही हटेनात. खड्ड्याच्या काठावर आठ माणसं पत्ते कुटत बसलेली, यारीचा लोखंडी डबा हवेत लटकलेला. आणि उद्या यारी उचलली की वस्तीची विहीर म्हणजे चाळीस फुटी कचराकुंडी. मला त्यांच्या पाण्याची काळजी होती असं लिहिलं तर ते छान दिसेल. मला माझ्या बाराची काळजी होती.

इतक्यात मुकादमाची नजर माझ्या गळ्यातल्या हेडफोनवर पडली. "साहेब, ह्या मशिनीनं काय आयकू येतं?"

"सगळं!" मी म्हणालो. सवय वाईट. "भिंतीपलीकडचं, जमिनीखालचं. मुंगी चालली तर तिच्या सहाही पायांचा वेगळा आवाज येतो. तिचा एखादा पाय लचकला असेल तर तोही कळतो."

"मंग पानी?"

मी गुरुजींकडे पाहिलं. मला वाटलं हा माणूस आता मला नारळाच्या शेजारी उभा करणार. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "साहेबांना आवाज घ्यायचा आहे, त्यांनी घ्यावा," ते म्हणाले. "मी सोबत उतरतो."

यारीच्या डब्यात आम्ही दोघं, मांडीला मांडी. तळाशी गारवा, दगडाचा वास, आणि वर आभाळाचं एक ताट. आणि शांतता इतकी, की मला माझ्या घड्याळाचा कंटाळा ऐकू आला. हेडफोन चढवले, बटण दाबलं. मायक्रोफोन घेऊन एकेक कोपरा फिरू लागलो. पहिल्या कोपऱ्यात काही नाही. दुसऱ्यात नाही. तिसऱ्यात वाकलो, मायक्रोफोन खडकाला टेकवला, आणि

घुर्रर्र... घुं... घळळळ.

अंगावर काटा आला. खडकाच्या आतून! खोल, लांब, ओला. वरून मुकादम ओरडला, "हाय का?"

आयुष्यात मी पुष्कळ वेळा छातीठोकपणे बोललो आहे, पण खरं बोलतोय असं स्वतःला वाटण्याची ती पहिलीच खेप.

"आहे! इथं! ह्या कोपऱ्यात! धो धो आहे!"

गुरुजींनी कोपऱ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, जरा खालच्या बाजूला. मग मान वर करून त्यांनी हाक दिली, "अहो, पानं वाढा आधी! पाहुण्यांना जेवायला घाला!" मला वाटलं, आनंद. पाणी लागलं तर पुण्यात माणसं पेढे वाटतात, इकडे पान वाढत असतील.

"काय म्हंत्यात साहेब?" मुकादम वरून.

"साहेबांनी आवाज ऐकला आहे," गुरुजी म्हणाले. "काय करायचं ते तुम्ही ठरवा."

"ठरवायचं काय त्यात? मशीन खोटं बोलन व्हय! उठा रं, पत्ते ठिवा!"

माईंनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नीनं, हुलग्याचे शेंगोळे केले होते. कढईत रटरटणारे, लसणाचे, वर तेलाचा तवंग. पहिल्या घासाला नाकातून पाणी आलं, दुसऱ्याला डोळ्यांतून. विहिरीआधी मलाच पाणी लागलं. मी पाच वाट्या खाल्ल्या. शौकतभाई सात, न बोलता.

जेवणं झाल्यावर मी दाखवलेल्या कोपऱ्यात बार भरला. मुकादमानं तोंडाभोवती हात धरून आरोळी दिली, "बाऽऽर हाय! बाऽऽर!" सगळी वस्ती, कोंबड्यांसकट, शिस्तीत मागं सरली. मायक्रोफोन काठावर ठेवून मी जीपमागं दडलो.

कसा झाला म्हणून सांगू! आधी जमीन पायाखालून बाजूला झाली, मग परत आली. मग आवाज. माझ्या शर्टाची दोन बटणं आपोआप निघाली. कळसूबाई, जे तिथून बरंच लांब आहे, जरा खाली बसल्यासारखं वाटलं. नारळाएवढा दगड जीपच्या टपावर आदळला. त्या खड्ड्यात शौकतभाई नंतर चहाचा पेला ठेवत.

धूर विरला. सगळे काठावर वाकले. दगड, धूळ, खपल्या. पाणी नाही. थेंबभरही नाही.

मी हळूच जीपकडे सरकलो. पण मुकादम कंबर कसत म्हणाला, "थोडं आत आसंल. मशिनीनं आयकलंय म्हंजी हायच. उद्या धरा कामाला रं!"

शुक्रवार गाठायचा ह्या सबबीवर मी निघालो. गुरुजी जीपपर्यंत आले. "पत्र टाका," एवढंच म्हणाले.

परत पुण्यात

रिकाम्या थिएटरात मधुशेठ, त्याचा तो मेव्हणा आणि मी. काष्टीच्या टेपवर बैलाच्या नावानं माझंच डुरकणं. मेव्हणा म्हणाला, हे चांगलंय. कारखान्याच्या टेपवर सफारीतले साहेब. आणि ज्या बारानं सह्याद्री बसला, तो टेपवर कसा आला? फट्. आवाज इतका मोठा होता की यंत्रानं हात वर केले आणि ओल्या फटाकडीसारखा एक फट् लिहून घेतला. मेव्हणा पत्रा आणायला उठला.

तेवढ्यात टेप मागं जाताना विहिरीच्या तळावर थांबली.

घुर्रर्र... घुं... घळळळ.

बाल्कनीतली सगळी कबुतरं एकदम उडाली. पन्नास खुर्च्यांचे स्क्रू किणकिणले. मधुशेठ उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. "हाच! भूकंप आहे रे भूकंप! पोटातून येतोय बघ पृथ्वीच्या!"

टेप चालूच होती. माझं "धो धो आहे!" गुरुजींची हाक. मग लांबून, वरून, माईंचा आवाज: "या, शेंगोळे झालेत!" आणि शेंगोळे ह्या शब्दासरशी घुर्रर्र दुप्पट! मग यारीचा डबा वर निघाल्याचं करकरणं, आणि त्याबरोबर तो झराही वर निघाला. वीस फुटांवर घुर्रर्र. दहा फुटांवर घुर्रर्र. काठावर, उन्हात, पानापर्यंत तो माझ्यासोबत चालत आला.

सकाळपासून माझ्या पोटात एका तंबाखूच्या बाराशिवाय काहीही गेलं नव्हतं.

मधुशेठला मी काही बोललो नाही. शुक्रवारपासून हाउसफुल. माझ्या पोटाला रोज चार खेळ, रविवारी पाच. लहान मुलं रडत, एका बाईंना तर म्हणे देव दिसला. पण दिवे मालवले की मला पठारावरची आठ माणसं दिसत. माझ्या भुकेच्या मागावर खडक फोडत निघालेली. त्यांचा तो कोपरा कोरडा निघाला तर यारी जाणार, आणि गुरुजींची सून हंडा घेऊन दुसऱ्याच्या मोटरीची वाट बघत उभी राहणार.

मी पत्र लिहायला बसलो. चार पानं लिहिली. साडेतीन पानं ध्वनिलहरी, खडकाची घनता आणि यंत्रातील तांत्रिक दोष. शेवटी दीड ओळ: तो आवाज बहुधा माझ्या पोटाचा असावा.

दोन आठवड्यांनी पोस्टकार्ड आलं. अक्षर फळ्यावरचं.

"सप्रेम जय भीम. आपले पत्र पोहोचले. शेवटची दीड ओळ वाचनीय आहे.

विहिरीला पाणी लागले. आपण दाखवलेल्या कोपऱ्यात नव्हे, बरोबर समोरच्या. तिकडची दरड आपल्या बाराने सैल झाली होती. मुकादम म्हणतो, साहेबांनी मशीन उलटे धरले असेल. मी तसे नाही हे त्यास समजावून सांगितले, परंतु तो आता तालुक्यात नारळाऐवजी हेडफोन मागत फिरतो. यावर वेगळा धडा घ्यावा लागेल.

पोटाचे म्हणाल तर मी विहिरीतच ओळखले होते. पस्तीस वर्षे मधल्या सुट्टीआधीच्या तासाला वर्गात उभा राहिलो आहे. तो आवाज कुठून येतो आणि त्यावर उपाय काय, हे मला यंत्राशिवाय कळते. पान वाढा म्हणून हाक मारली ती त्यासाठी. पाण्याविषयी मी आपणास काही विचारले नव्हते, हे कृपया आठवावे.

पहिला पोहरा सूनबाईने काढला. आपण असता तर टेप करता आला असता. पण घेण्यासारखा आवाज काही झाला नाही."